देवांचीं लग्नें पाठ, आपलें विसरलों!



गेल्या चैत्रांतली गोष्ट सांगतों. शाळा सुटल्यावर आमच्या गांवचें एक वयस्क जोडपें माझ्याकडे आलें. त्यांस विवाहनोंदणीचा दाखला हवा होता, आणि ग्रामसेवकाकडे द्यावयाचा अर्ज माझ्याकडून भरून घ्यावयाचा होता. नांव, गांव, वय इथवर सारें सुरळीत झालें. मग मीं विचारलें, "लग्नाची तारीख?" तात्या बाईंकडे पाहूं लागले आणि बाई जमिनीकडे. बऱ्याच वेळानें तात्या म्हणाले, "भात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या फुडच्या वैशाखात. खडी फोडायची कामं चालू हुती बघा." तारीख काय, तिथीहि सांगतां येईना. तेवढ्यांत बाई हळूच बोलल्या, "बेस्तरवार हुता." इतकेंच.

अर्ज तसाच राहिला. उठतां उठतां तात्या म्हणाले, "मास्तर, बिगीनं उरकून द्या. अष्टमीला शिंगणापूरला जायचंय. देवाचं लगीन हाय." मीं विचारलें, "कोणती अष्टमी?" माझ्या अज्ञानाची कींव करून ते म्हणाले, "चैत शुद्ध. रातच्याला बारा वाजता."

पाहा बंधूंनो! देवाच्या लग्नाचा महिना, पक्ष, तिथि आणि वेळ तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाचा नुसता वार आठवतो, आणि तोहि बायकोला!

तात्यांना मी हंसत नाहीं. ही गोष्ट घरोघरची आहे. वर्षभरांत आम्ही किती देवांचीं लग्नें लावतों, तें मोजून पाहा. पौषांत कऱ्हाडजवळ पालीला तारळीच्या कांठीं खंडोबा-म्हाळसेचें लग्न. माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे वसंत पंचमीस, पंढरपुरांत विठ्ठल-रुक्मिणीचें. माघी पौर्णिमेस पुरंदर तालुक्यांतल्या वीर गांवीं म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचें. चैत्रांत शिंगणापुरास शंभुमहादेव आणि पार्वतीचें. ह्या सर्वांस आम्ही वऱ्हाडी होऊन जातों, अक्षता टाकतों, भंडारा, गुलाल उधळतों. देवांचा संसार युगानुयुगें चालला आहे, तरी त्यांचें लग्न दरवर्षीं नव्यानें लागतें. आमचा संसार उणापुरा चाळीस-पन्नास वर्षांचा, आणि त्याचा एक दिवसहि आम्ही आठवणींत ठेवीत नाहीं. देवांसाठीं चालावें, माणसांनीं मात्र विसरावें, हा कोठला न्याय?

आमच्या भिंतीवरचें कॅलेंडर काढून पाहा. गाय भरवल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते, कारण तिचे दिवस मोजावयाचे असतात. गॅसची टाकी लावल्याची तारीख असते. दुधाचा खाडा असतो, सोसायटीचा हप्ता असतो. ज्या बाईनें त्या गाईची धार काढली, त्या टाकीवर रांधलें, तो हप्ता फिटावा म्हणून खुरपें धरलें, ती ह्या घरांत कोणत्या दिवशीं आली, एवढें मात्र त्यावर नसतें.

कोणी म्हणेल, "मास्तर, हीं शहरांतलीं खुळें आमच्यांत कशाला? लग्नाचा वाढदिवस, नवरा-बायकोची सहल, हें नोकरदारांनीं करावें. आपल्याला शोभत नाहीं." मी म्हणतों, हें शहराचें खूळ नव्हे, ही आपलीच जुनी चाल आहे, आपण ती अर्ध्यावर सोडली. लग्न झाल्यावर आमच्यांतले किती तरी लोक नव्या जोडप्यास जेजुरीला नेतात. तेथें नवरा सर्वांदेखत बायकोला उचलून घेऊन निदान पांच पायऱ्या तरी चढतो. तेथें कोणाला लाज वाटत नाहीं. उलट म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवतात. पंढरीच्या वाटेवर पाहा. माउलींची पालखी लोणंद, तरडगांव, फलटण, बरडवरून जाते, तेव्हां आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून किती तरी जोड्या पाहतों. एकाच्या खांद्यावर पताका, दुसरीच्या डोक्यावर तुळस. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात, त्या वेळीं दर्शनाच्या रांगेंतल्या एका वारकरी जोडप्यासहि पूजेचा मान मिळतो, आणि एस.टी. महामंडळ त्या जोडप्याला वर्षभर मोफत प्रवासाचा पास देतें. म्हणजे जोडीनें जाणें ही आपल्याकडे मानाची गोष्ट आहे. वाईट इतकेंच, कीं आमच्यांतल्या बहुतेकांची जोडी जेजुरीच्या पांच पायऱ्यांवर संपते. त्यापुढें नवरा एकटा चढतो आणि बायको घरीं राहते.

"पण आमच्याकडे सण कमी आहेत काय? जत्रा नाहीं काय?" आहेत, भरपूर आहेत. पण त्या दिवशीं कोण कोठें असतें तें सांगा. गांवच्या जत्रेला नवरा कुस्त्यांच्या फडांत असतो, रात्रीं तमाशाला असतो. बायको चुलीपाशीं असते. पोळीच्या दिवशीं पुरण वाटावयाचें, दुसऱ्या दिवशीं मटणाचा रस्सा. पाहुणे पंगतीमागून पंगत उठतात आणि तिला जत्रेचा नुसता आवाज ऐकूं येतो. माझ्या शेजारची एक सून सांगत होती, सासरीं येऊन तिला बारा वर्षें झालीं, पण गांवच्या देवाची पालखी तिनें अजून उंबऱ्याच्या आंतूनच पाहिली आहे. दिवाळी आली कीं घर सारवणें नाहीं तर रंगवणें, दसऱ्याला गोधड्या धुणें. सण घराचा असतो. काम तिचें असतें. वटपौर्णिमेला ती तुमच्यासाठीं उपास करून वडाला फेऱ्या घालते. वर्षाच्या ३६५ दिवसांत तुम्ही तिच्यासाठीं कोणता दिवस राखला आहे? पाडव्याला ओवाळणी घालतां हें खरें. पण ओवाळण्याचें ताटहि तिनेंच घांसलेलें असतें!

आतां ह्याहून मनाला लागलेली एक गोष्ट सांगतों. आमच्या भागांत ऊस आहे. दसरा-दिवाळी झाली कीं बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तोडकरी येतात, माळावर त्यांच्या खोप्या पडतात, आणि त्यांचीं कांहीं मुलें हंगामापुरतीं आमच्या शाळेंत येऊन बसतात. दोन वर्षांमागें मीं चौथीच्या वर्गाला चार ओळी लिहावयास दिल्या: 'माझ्या आई-बाबांची सहल'. गांवच्या मुलांनीं कोणी पंढरपूर लिहिलें, कोणी मामाच्या गांवचें लग्न लिहिलें. तोडकऱ्याच्या एका मुलीनें लिहिलें, कीं माझे आई-बाबा दरवर्षीं गाडींत बसून लांब जातात, ते कोयता घेऊन जातात, आणि उन्हाळ्यांत परत येतात.

मी ती वही हातांत घेऊन बराच वेळ बसलों. वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल, कीं मुकादमाच्या हिशेबांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटें माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते. दोघांतलें एक आजारी पडलें तर खाडा, आणि खाड्याचे पैसे त्यांच्याच अंगावर चढतात. त्या पोरीच्या आईबापांचा दोघांनीं मिळून केलेला प्रवास एवढाच. राबावयास जोडी लागते, हें मुकादमाला बरोबर समजलें आहे. विसावा घ्यावयासहि जोडी लागते, हें मात्र आम्हां नवऱ्यांना समजूं नये!

आणि ज्यांच्या शेतावर तो कोयता चालतो, त्या आम्हां बागाईतदारांची तऱ्हा तरी काय निराळी आहे? लागण असो, खुरपणी असो, रात्रीचीं दारें धरणें असो, नवरा-बायको सोबत असतात तीं कामालाच. कुंभाराच्या घरीं माती तो आणतो, मळावयास ती बसते. सुताराच्या घरीं तो तासतो, ती ढलप्या वेंचते. दिवसभर एकमेकांच्या शेजारीं असून कामाखेरीज एक शब्द बोलणें होत नाहीं. "दारं मोड", "पाणी आण", "वैरण टाक" ह्यापलीकडे ज्यांचें बोलणें आठ आठ दिवस जात नाहीं, अशीं घरें मी दाखवूं शकेन.

आतां लोकांना उपदेश करणारा हा मास्तर स्वतः कसा होता, तेंहि सांगितलें पाहिजे. मी वीस वर्षें शाळेच्या सहली नेतों. प्रतापगड, अजिंक्यतारा, रायगड मुलांना दाखवून आणले. दर सहलीला माझा डबा बायकोनें बांधून दिला, आणि परत आल्यावर माझे चिखलाचे कपडे तिनें धुतले. एके दिवशीं दारें धरून पहाटे ती घरीं आली आणि चुलीशीं शेकत बसली असतां म्हणाली, "अहो, वीरचं धरण कसं असतं? आपल्या पाटाला पाणी तिथनंच येतं ना?" मी चमकलों. नीरा उजव्या कालव्याचें पाणी मीं मुलांस फळ्यावर कितीदां तरी शिकविलें होतें. भाटघर, देवघर, गुंजवणी, वीर हीं नांवें त्यांच्याकडून पाठ करून घेतलीं होतीं. आणि अठरा वर्षें त्या पाण्यांत रात्रीं उभी राहणारी बाई माझ्याच घरांत होती; तिला मीं धरण दाखविलें नव्हतें. तें काशी-रामेश्वराइतकें दूरहि नव्हतें; दोन-अडीच तासांची वाट.

आमच्या लग्नाची तारीख मला आठवत होती, कारण पत्रिकेची एक प्रत ट्रंकेंत होती. पुढची ती तारीख आली तेव्हां मीं रजा टाकली आणि आम्ही निघालों. एस.टी.नें लोणंद, पुढें वडापनें वीर. बसमध्यें कंडक्टरनें तिचें अर्धें तिकीट फाडलें, तेव्हां ती मला म्हणाली, "मी अर्धी झाले वाटतं!" १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मेंच तिकीट पडतें. ह्याचा अर्थ, नवरा-बायकोनें पूर्वीं दोन तिकिटांत जो प्रवास केला असता, तो आतां दीड तिकिटांत होतो. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर पहिली एस.टी. धांवली; तेव्हांपासून गोरगरिबांचें हेंच वाहन. गाडी दारांत उभी आहे, तिकीट अर्धें झालें आहे. आतां अडलें आहे तें फक्त आमच्या मनांत.

धरणाचें पाणी पाहून ती पुष्कळ वेळ कांहींच बोलली नाहीं. मग विचारती झाली, "एवढं पाणी आहे, तर आपल्या टेलला पाळी का पोचत नाही?" मीं गळती सांगितली, वरच्या अंगाचे लोक जास्त ओढतात तें सांगितलें. तिचें समाधान झालें नाहीं. पुढच्या महिन्यांत ती पाणीवापर संस्थेच्या बैठकीस गेली आणि हाच प्रश्न तिनें तेथें विचारला. उत्तर अजून मिळालेलें नाहीं. पण प्रश्न वहींत लिहिला गेला आहे. बायकांनीं चार ठिकाणें पाहिलीं म्हणजे त्या चार प्रश्न विचारतात. कदाचित् म्हणूनच कांहीं जणांस त्यांचें हिंडणें नको असावें!

परत फिरतांना म्हस्कोबाच्या देवळांत गेलों. माघी पौर्णिमेला येथें देवाचें लग्न लागतें, असें मीं सांगितलें. ती म्हणाली, "देवीचं बरंय. लग्न दरवर्षी, आणि सैपाक दुसऱ्याच बाया करतात."

हें ती हंसत म्हणाली. पण टोला मला बसला. कारण त्या दिवशीं माझ्याकडून एक चूक झाली होती. आम्ही सहाच्या गाडीनें निघालों होतों, आणि त्यासाठीं ती पहांटे तीनला उठली होती. घरीं राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा दोन्ही वेळचा सैपाक, गुरांचें, धार, शिवाय आमच्या दोघांच्या भाकरी, ठेचा, पिठलें. दुपारीं झाडाखालीं मी पोटभर जेवलों आणि ती बसल्या जागीं झोंपली. म्हणजे सहल माझी झाली, तिची निम्मीच, तिकिटासारखी. पुढच्या वर्षीं मीं ती चूक सुधारली. आदल्या रात्रीं थोरल्या मुलाला कणीक मळावयास बसविलें, आणि दुपारीं आम्ही लोणंदच्या स्टँडसमोर मिसळ-पाव खाल्ला. ती म्हणाली, "दुसऱ्यानं वाढलेलं पुढ्यात आलं, हीच सहल."

आतां पैशाचा मुद्दा. हा लेख वाचून कोणी कर्ज काढून वाढदिवस करील, तर माझें लिहिणें फुकट गेलें असें मी समजेन. हल्लीं गांवोगांव एक नवीन रोग आला आहे. चौकांत नवरा-बायकोचा फ्लेक्स लागतो, त्यावर खालीं पन्नास शुभेच्छुकांचे फोटो; रात्रीं केक कापतात, तो खाण्यापेक्षां तोंडाला फांसण्यांतच जातो; डीजे वाजतो. आणि ज्या बाईचा फोटो फ्लेक्सवर असतो, ती मागल्या दारीं भांडीं घांशीत असते. लग्नाआधींच डोंगरावर, समुद्रावर नेऊन फोटो काढण्याची टूमहि आली आहे. पिकासाठीं सोसायटीचें कर्ज काढावयाचें आणि तें मांडवांत घालावयाचें, ही खोड आम्हांस आधींच आहे. एका दिवसाच्या मांडवासाठीं दहा वर्षें हप्ते भरणाऱ्या घरांत पुढल्या दहा वर्षांत नवरा-बायकोच्या एका तिकिटाला पैसे उरत नाहींत. लग्न मोठें आणि संसार कोरडा! मी म्हणतों, ह्याचें उलट करा. मांडव लहान घाला. जेवणावळी आवरा. त्यांतून वांचेल त्याचा दहावा हिस्सा जरी जोडप्याच्या नांवानें पोस्टांत ठेवला, तरी त्यांना कित्येक वर्षें एक दिवस बाहेर पडतां येईल.

"पुढच्या वर्षीं जाऊं" म्हणणाऱ्यांसाठीं आणखी एकच गोष्ट. आमच्या गांवांत एक सुतारमामा आहेत. हात सोन्याचा. त्यांच्या मंडळींना पंढरपूर पाहावयाचें होतें. दर आषाढीला पालखी दारावरून जावयाची, आणि दर आषाढीला पेरणीचा हंगाम म्हणून कुळव, तिफणी दुरुस्तीला दारांत पडलेल्या असावयाच्या. मामा म्हणत, "पुढच्या साली नक्की." अशीं तीस-एक वर्षें गेलीं. बाई गेल्या. मग मामा त्यांच्या अस्थि घेऊन चंद्रभागेवर गेले. मीच त्यांच्यासोबत होतों. गाडींत त्यांनीं तें गाठोडें मांडीवर धरलें होतें आणि खिडकीकडची जागा सोडून ते अलीकडे बसले होते. मीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, "तिला खिडकी लागंल." ह्यावर मीं काय बोलावें? ती त्या दोघांची पहिली सहल होती.

तेव्हां बंधूंनो, मी मोठें कांहीं मागत नाहीं. चारच गोष्टी करा.

पहिली, आज रात्रीं बायकोला विचारून आपल्या लग्नाची तारीख कॅलेंडरवर लिहा. तारीख सांपडत नसेल तर दोघांनीं मिळून एक दिवस ठरवा. त्याला भटजी लागत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं. आमच्या तात्यांनीं जुन्या पंचांगाच्या खटाटोपांत न पडतां वैशाखांतला पहिला बेस्तरवार आपला म्हणून ठरविला आहे. सरकारी अर्जाला तो चालणार नाहीं, घराला चालतो.

दुसरी, त्या दिवशीं दोघेंच बाहेर पडा. लांब जावयास नको. ज्या धरणाचें पाणी पितां तें पाहा, ज्या कारखान्याला ऊस घालतां तो पाहा, तालुक्याचा किल्ला पाहा, नदीचा घाट पाहा. देवाला जावयाचें तर जा; पण नवस फेडावयास नव्हे, एकमेकांच्या सोबतीला जा.

तिसरी, त्या दिवशीं तिच्या हातची भाकर खाऊं नका, आणि मागें राहिलेल्यांची भाकर तिच्या माथीं मारूं नका. थोरल्या घरांत आळीपाळी करा. एकदां सासू-सासऱ्यांची जोडी जाईल, तेव्हां सून घर सांभाळील. सुनेची जोडी जाईल, तेव्हां सासूनें चूल सांभाळावी. सासूनें कपाळाला आठ्या घालूं नयेत. तिलाहि कोणीं नेलें नव्हतें, म्हणूनच आधीं तिची पाळी.

चौथी, वाटेंत तिच्याशीं बोला. काय बोलावें असा प्रश्न पडला तर गप्प बसा आणि तिला बोलूं द्या. तीस वर्षांचें सांठलेलें आहे; तुमची पाळी लौकर येणार नाहीं.

इतकें करून कोणाचें घर बुडालें, तर त्यानें मला येऊन विचारावें. मात्र न करून काय होतें, तें आमच्या सुतारमामांना विचारा. देवांच्या वरातींत आपण पिढ्यान् पिढ्या नाचलों. वर्षाचा एक दिवस आपल्या घरच्या लक्ष्मीच्या बरोबरीनें चाललों, तर कोणताहि देव रागावणार नाहीं. असो. खिडकीकडची जागा तिला द्या, आणि ती हयात असतांना द्या, एवढेंच मागणें आहे.

— खेड्यांतला एक मास्तर